गणवेशाचे सहाशे रुपये : भोर-वेल्ह्यातील शाळा आणि आपला धंदा

जिल्हा परिषदेच्या शाळेचा आणि आपल्या दुकानाचा संबंध काय, असे विचारले तर आपले बहुतेक व्यापारी बांधव वही-पेन्सिलीचे नाव घेतील आणि गप्प बसतील. प्रत्यक्षात भोरच्या पेठेतले कापडाचे दुकान, नसरापूरचा शिंपी, बूट-चपला विकणारा, काज-बटनाचे सामान ठेवणारा मणियार या सगळ्यांच्या गल्ल्यात वर्षातून एकदा शाळेची रक्कम येऊ शकते. ती अनेक हातांतून फिरून येते म्हणून दिसत नाही इतकेच. ही रक्कम म्हणजे दर मुलामागे ६०० रुपये, दोन जोड गणवेशासाठी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तिचा मोठा भाग आपल्या तालुक्यांना वळसा घालून परस्पर निघून गेला होता. २०२५-२६ पासून ती पुन्हा गावाच्या हाती आली आहे. ती गेली कशी, परत का आली आणि आता तिचे काय करायचे, हे कापडवाल्याने आणि शिंप्याने नीट समजून घेतले पाहिजे. सरकारी आदेश पुन्हा फिरायला वेळ लागत नाही.

प्रथम ही रक्कम कुठून येते ते पाहू. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात दोन जोडांसाठी ४०० रुपये मिळत. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली आणि आकडा ६०० झाला, म्हणजे एका जोडाला ३०० रुपये. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुले, एवढेच या योजनेचे हक्कदार होते. याचा अर्थ लक्षात घ्यावा. आपल्या समाजातील एखादा फेरीवाला किंवा पिंजारी दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल तर त्याच्या मुलीला गणवेश मिळे आणि तिच्याच शेजारी बसणाऱ्या भावाला मिळत नसे. २०२३ मध्ये राज्य सरकारने उरलेल्या मुलांचा खर्च आपल्याकडे घेतला आणि हा भेद संपला. त्याच वेळी बूट आणि दोन जोड पायमोज्यांसाठी मुलामागे १७० रुपयांची तरतूद झाली. १७० रुपयांत कोणता बूट येतो आणि तो किती महिने टिकतो, हे बूटवाल्या बांधवांनाच विचारावे.

पैसे शेवटी येतात शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही समिती प्रत्येक सरकारी शाळेला बंधनकारक केली. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे तिच्यात १२ ते १६ सदस्य असतात. तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा आणि मुख्याध्यापक हे सचिव. कापड कोणते घ्यायचे, रंग कोणता, कुणाकडून घ्यायचे आणि शिवायचे कुणी, याचा ठराव ही समिती करते. म्हणजे गिऱ्हाईक शोधायला पंचायत समितीच्या कचेरीत खेटे घालण्याची गरज नाही. गिऱ्हाईक आपल्याच आळीत राहते, आणि पुष्कळदा आपल्याच दुकानातून उधारीवर माल नेते.

एक राज्य, एक गणवेश

२०२३ साली शासनाने जाहीर केले की राज्यभर सर्व सरकारी शाळांचा गणवेश एकच असावा. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, मुलींना त्याच रंगांचा झगा किंवा सलवार-कमीज, असा सर्वसाधारण नमुना ठरला. घोषणा उशिरा झाली होती आणि कित्येक शाळांनी कापड आधीच सांगून ठेवले होते, म्हणून पहिल्या वर्षी काही दिवस शाळेचा गणवेश आणि काही दिवस राज्याचा, अशी तडजोड निघाली. पुढच्या वर्षापासून मात्र घाऊक कारभार सुरू झाला. कापडाची खरेदी राज्य पातळीवर निविदा काढून झाली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचा आणि दुसऱ्याचे, म्हणजे स्काऊट-गाईडच्या गणवेशाचे, कापड शाळांना देऊन तो स्थानिक पातळीवर शिवायचा, असे ठरले. त्या शिलाईसाठी एका गणवेशाला १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये.

कल्पना कागदावर वाईट नव्हती. चाळीस लाखांहून अधिक मुलांचे कापड एकदम घेतले तर मीटरमागे दोन पैसे वाचतात, हे आम्हा कापडवाल्यांना कुणी शिकवायला नको. शंभर तागे घेणाऱ्याला एक भाव आणि पाच तागे घेणाऱ्याला दुसरा, हा बाजाराचा जुनाच नियम आहे. शिवाय काही गावांत समितीच्या नावावर दोन-तीन माणसेच खरेदी करीत आणि हलका माल गळ्यात पडे, ही तक्रारही खोटी नव्हती. तरीही योजना एका वर्षात कोसळली. याचे कारण राजकारणात शोधण्यापेक्षा कात्रीच्या टोकाशी शोधले तर लवकर सापडेल.

कापड घाऊक घेता येते, माप घाऊक घेता येत नाही. इयत्ता तिसरी म्हणजे आठ वर्षे आणि आठ वर्षे म्हणजे अमुक छाती, अमुक उंची, असे सरासरीचे कोष्टक मांडून कापड बेतले की काय होते, ते प्रत्येक मास्तरला ठाऊक आहे. वेल्ह्याच्या डोंगरातला तिसरीतला मुलगा आणि पुण्याच्या उपनगरातला तिसरीतला मुलगा यांच्या अंगात दोन-तीन इंचांचा फरक सहज असतो. एकाच वर्गात, एकाच बाकावरही असतो. गावचा शिंपी हे जाणून शिवणीत माया सोडतो, पँटच्या तळाला दुमड जास्त ठेवतो, म्हणजे दिवाळीनंतर उसवून सोडता येते आणि तोच कपडा पुढचे वर्ष काढतो. लांबून बेतून आलेल्या तुकड्यात मायेला जागाच नसते. कापड वाचवायचे म्हणूनच तर ते एकत्र बेतलेले असते. परिणाम असा झाला की काही मुलांना शर्ट गुडघ्यापर्यंत आणि काहींना बटण लागेना. १५ जून २०२४ ला शाळा उघडल्या. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनालाही राज्यात कितीतरी शाळांतील मुले जुन्याच कपड्यांत उभी होती.

यात बचत गटांच्या भगिनींना दोष देणारे पुष्कळ निघाले. आमचे मत तसे नाही. ज्यांनी शिवले त्यांनी मूल पाहिलेच नव्हते, मग त्यांनी करायचे काय? दुसऱ्या गणवेशाचे उलट झाले. कापड शाळेत आले, शिंपी गावात हजर, पण ११० रुपयांत खिसे-पट्ट्यांचा स्काऊटचा शर्ट आणि पँट दोन्ही शिवायला अनेक शिंप्यांनी चक्क नकार दिला. एका शिक्षकाने आमच्यापाशी अशी तक्रार केली की कापडाचा गठ्ठा कपाटात आणि मूल वर्गात, मध्ये ११० रुपये उभे आहेत. सोप्या हिशेबाने पाहिले तर काज-बटन, दोरा आणि चेन यांत त्यांतले १५-२० रुपये जातात. उरलेल्या नव्वद रुपयांत दोन कपडे.

वेल्ह्याकडे या गोंधळाला आणखी एक बाजू होती, ती सरकारी कागदात येत नाही. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याला, पानशेत-वरसगावच्या पाण्याकाठच्या वाड्यांत, तसेच भोरच्या हिर्डस मावळात आणि वेळवंड खोऱ्यात जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही. धुतलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. दोन जोड हवेत ते यासाठी. सुती कापड तेथे चालत नाही. टेरिकॉट लवकर वाळते आणि चुलीच्या उबेवर टाकले तरी चुरगळत नाही. ज्या वर्षी नेमक्या पावसाळ्यात एकही जोड धड नव्हता, त्या वर्षी मुलांनी ओले कपडे अंगावरच वाळवले किंवा घरचेच घालून शाळेत गेली.

२० डिसेंबर २०२४ रोजी शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पूर्वीप्रमाणे शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले.

तीनशे रुपयांचा हिशेब

आता प्रश्न असा की ३०० रुपयांच्या जोडात धंदा बसतो का. २०१८ पासून हा आकडा हललेला नाही. दरम्यान सुताचे, रंगाईचे आणि वाहतुकीचे भाव कुठे गेले ते आपण जाणतोच. समजा ३६ पन्ह्याचे शर्टाचे टेरिकॉट ६५ रुपये मीटरने पडले आणि ५८ पन्ह्याचे पँटचे कापड १२० रुपयांनी. दुसरी-तिसरीतल्या मुलाचा अर्ध्या बाहीचा शर्ट सव्वा मीटर खातो आणि अर्धी पँट ६० सेंटिमीटर. कापड झाले सुमारे १५३ रुपयांचे. काज-बटन, दोरा, चेन, इलास्टिक मिळून १५, शिलाई ९०, ने-आण १२. एकूण २७०. तीस रुपये उरतात. ते दुकानदार आणि शिंपी यांनी आपसांत वाटून घ्यायचे.

हेच गणित सातवी-आठवीच्या मुलावर लावून पाहा. शर्टाला १ मीटर ६० सेंटिमीटर, पूर्ण पँटला १ मीटर १०. कापडच २३६ रुपयांचे. त्यावर सामान २० आणि शिलाई १२० धरली तर ३७६. म्हणजे ७६ रुपयांचा खड्डा. एक मोठा मुलगा अडीच लहान मुलांचा नफा खाऊन टाकतो. म्हणून गणवेशाचे काम अंगावर घेताना मुले किती, एवढेच न विचारता कोणत्या इयत्तेत किती, हे विचारावे. चौथीपर्यंतची शाळा असेल तर काम सुरक्षित आहे. आठवीपर्यंतची असेल तर समितीपुढे आधीच स्पष्ट बोलावे की मोठ्या मुलांसाठी वेगळी तजवीज लागेल. मुकाट्याने काम घेऊन मागाहून हलके कापड घालणारे व्यापारी आहेत. त्यांनी आपल्या सर्वांची पत घालवली आणि राज्याच्या एका गणवेशाची मागणी करणाऱ्यांच्या हाती आयते कारण दिले.

माल कुठून घ्यायचा हे भोरच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. पुण्याच्या रविवार पेठेतील कापडगंज हाताशी आहे. पँटचे कापड बहुतांशी भिलवाड्याचे असते. तयार गणवेशच हवा असेल तर सोलापूर आहे. तेथील उत्पादकांनी गेल्या काही वर्षांत गणवेशाच्या धंद्यात असे नाव कमावले आहे की परप्रांतांतले व्यापारी खरेदीला येतात. तयार माल स्वस्त पडतो, यात वाद नाही. पण मापाची जी अडचण वर सांगितली ती तयार मालातही असतेच, फक्त बदलून देण्याची सोय राहते. आमचा कौल असा की शर्ट तयार घ्यावा आणि पँट किंवा झगा गावात शिवावा. शर्ट इंचभर ढिला असला तर चालतो, कमरेत ढिली पँट मुलाला दिवसभर हाताने धरून ठेवावी लागते.

बारा मुलांची शाळा

येथपर्यंतचे गणित कोणत्याही तालुक्याला लागू पडेल. भोर आणि वेल्ह्याची खरी अडचण पुढे आहे. वेल्हे, म्हणजे आता राजगड या नावाने ओळखला जाणारा तालुका, २०११ च्या जनगणनेत अवघा ५४ हजारांचा होता. भोर तालुका १ लाख ८६ हजारांचा. त्याच वेळी पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाखांवर होती. डोंगराळ मुलुख, विखुरलेल्या वाड्या, आणि शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. त्यामुळे येथे शाळा पुष्कळ आणि मुले थोडी. ही गोष्ट केवळ येथलीच नाही. २०२२ साली राज्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा मोजल्या तेव्हा त्या पंधरा हजारांच्या घरात निघाल्या आणि त्यांत मुले होती सुमारे १ लाख ८५ हजार. सरासरी काढली तर शाळेमागे बारा-तेरा मुले.

बारा मुलांच्या शाळेचे गणवेशाचे वर्षाचे एकूण काम ७,२०० रुपयांचे. यासाठी भोरहून कोणता व्यापारी केळद किंवा पासलीपर्यंत जाईल? एसटीने गेला तर दिवस मोडतो, गाडीने गेला तर नफा पेट्रोलमध्ये जातो. म्हणून एकेका शाळेचे काम कुणाला परवडत नाही आणि समिती मग पुण्याहून जो मिळेल तो तयार माल आणते. यावर उपाय आहे. जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र असते आणि त्यावर केंद्रप्रमुख असतो. केंद्रातल्या शिक्षकांच्या एकत्र सभा होतात. ठराव प्रत्येक समितीने आपला करावयाचा असतो, पण दहा समित्यांनी एकच कापड आणि एकच शिंपी ठरवायला नियमाची आडकाठी नाही. दहा शाळा गुणिले बारा मुले, म्हणजे १२० मुले, २४० जोड, ७२ हजार रुपये. एवढ्यासाठी एक गाडी, एक दिवस माप घ्यायला आणि एक दिवस माल पोचवायला परवडतो. कापडवाला आणि दोन शिंपी एकत्र आले तर हे काम होण्यासारखे आहे. आपल्याकडे धंद्यात भागीदारीचे नाव काढले की भाऊही एकमेकांकडे संशयाने पाहतात, ही गोष्ट वेगळी.

बारा मुलांची शाळा टिकणार का, ही शंका रास्त आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलविण्याचे शासनाने ठरविले तेव्हा राज्यभर ओरड झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना पुढे आली: आसपासच्या लहान शाळा मिटवून एक मोठी, सुसज्ज शाळा करायची आणि मुलांना गाडीने आणायचे. या योजनेत नमुना म्हणून जी दोन नावे दिली गेली त्यांतले एक नंदुरबारचे तोरणमाळ आणि दुसरे आपल्या वेल्ह्यातले पानशेत. म्हणजे हा प्रयोग लांब कुठे नाही, आपल्या उंबऱ्यावरच झाला आहे.

समूह शाळा चांगली की वाईट, यावर शिक्षणतज्ज्ञ वाद घालोत. दोन शिक्षकांनी चार इयत्ता एकाच खोलीत शिकवण्यापेक्षा प्रत्येक वर्गाला गुरुजी असणे मुलाच्या हिताचे आहे, हे नाकारता येत नाही. पण पावसात ओढ्याला पाणी आले की गाडी येत नाही आणि सात वर्षांची मुलगी घरी राहते, हेही तितकेच खरे. व्यापाऱ्याने यात एक गोष्ट पाहावी. वाडीतली शाळा मिटली की मुलाच्या निमित्ताने आई-बाप आधी मोठ्या गावात आणि मग शहरात जागा बघतात. धायरी, नऱ्हे, कात्रज या बाजूला एक खोली भाड्याने घेतली जाते. आई आणि मुले तिकडे, बाप भातलावणीपुरता इकडे. त्या घराचे वर्षाचे कापड, लग्नाचा बस्ता, सणाची खरेदी, सारे तिकडेच वळते. गावी राहिलेले आजी-आजोबा वर्षाला एक लुगडे आणि एक धोतर घेतात. आपल्या दुकानाची वही आणि शाळेचा हजेरीपट शेजारी ठेवले तर दोन्हींतली नावे एकाच वेळी गळालेली दिसतील.

२०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि भोर-वेल्ह्याचा काही भाग त्याच्या हद्दीत गेला. वर्तुळाकार रस्ता भोर तालुक्यातल्या वरव्यापाशी सातारा महामार्गाला मिळावा अशी आखणी आहे. महामार्गाच्या कडेला आताच दोन दुनिया झाल्या आहेत. नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला जमिनीला भाव आला, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या. या शाळांचा गणवेश बहुधा एका ठराविक दुकानातच मिळतो. पालकांवर अमुकच दुकानाची सक्ती करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत, तरी व्यवहारात काय चालते ते सर्वांना दिसते. आपले व्यापारी या शाळांच्या मागे लागतात, कारण तेथे एका जोडाला हजार रुपये पालक खुशीने देतो. ते मिळाले तर जरूर घ्यावे. पण ते काम शाळेच्या चालकाच्या मर्जीवर असते आणि मर्जी दरवर्षी बदलते. सरकारी शाळेचे काम थोड्या नफ्याचे असले तरी समितीच्या ठरावावर चालते, आणि त्या समितीत आपला शेजारी बसलेला असतो. आपणही बसू शकतो.

समितीच्या चटईवर

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या समाजातील पालक या समित्यांत फार थोडे दिसतात. आमच्यासारखे जे उर्दू माध्यमातून शिकले, त्यांची एक अडचण अशी की सभेचे इतिवृत्त मराठीत, ठराव मराठीत, आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. धंद्यात आपण दिवसभर मराठी बोलतो, भाव करतो, भांडतोही. पण कागद समोर आला की जीभ अडते. मग माणूस सभेला जायचे टाळतो आणि घरच्या बाईला पाठवायचा तर प्रश्नच उद्भवत नाही. नियम मात्र निम्म्या जागा स्त्रियांना देतो. गणवेशाच्या सभेत तर त्यांचेच मत मोलाचे आहे. मुलीच्या सलवारीचे कापड पातळ आहे की जाड, ओढणी हवी की नको, रंग दोन धुण्यांत जातो की टिकतो, हे कोणत्या पुरुष सदस्याला सांगता येईल? २०२४ मध्ये आकाशी शर्ट अंगाला झिरझिरीत होते अशी ओरड ठिकठिकाणी झाली. ती आयांनी केली होती.

इतिवृत्त लिहिणे हे मुख्याध्यापकांचे काम असते. सदस्याने बोलायचे आणि सही करायची. तेवढे मराठी आपल्यापैकी प्रत्येकाला येते.

मात्र एक पथ्य पाळावे. समितीचा सदस्य आणि त्याच शाळेला माल देणारा व्यापारी एकच माणूस नसावा. तो घरचा असला तरी नसावा. समितीत राहायचे असेल तर दर्जावर बोट ठेवण्यासाठी राहावे, आणि माल द्यायचा असेल तर दरपत्रक देऊन बाहेर बसावे. बहुतेक ठिकाणी तीन दरपत्रके मागवतात. दरपत्रकासोबत कापडाचा वीतभर तुकडा जोडावा, त्यावर पन्हा आणि भाव लिहावा, आणि त्याचाच दुसरा अर्धा भाग मुख्याध्यापकांच्या सहीने आपल्यापाशी ठेवावा. मागाहून हे कापड ते नव्हेच, असे कुणी म्हणाले तर तोच तुकडा साक्ष देतो.

बिलाचा मुद्दा थोडा किचकट आहे. शाळा पक्के बिल मागतात आणि लहान शिंपी घाबरतो. कायदा असा की मालाचा धंदा वर्षाला ४० लाखांच्या आत आणि निव्वळ शिलाईसारख्या सेवेचा २० लाखांच्या आत असेल तर वस्तू-सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, आपला विषय तालुक्यापुरता आहे. नोंदणी नसलेल्याने बिलात कर लावायचाच नसतो. आपले नाव, पत्ता, तारीख, मालाचे वर्णन आणि सही असलेले साधे बिल त्याने द्यावे आणि रक्कम बँकेतून घ्यावी. ज्याची नोंदणी आहे त्याने कापडावर आणि या किमतीच्या कपड्यावर ५ टक्के लावावेत आणि ते ३०० रुपयांच्या आतच बसवावेत, कारण समितीपाशी वर एक पैसाही नसतो. हे पाच टक्के म्हणजे जोडामागे १४-१५ रुपये होतात. वरच्या हिशेबातले तीस रुपये आठवा.

वसुलीचेही सांगतो. अनुदान वरून उशिरा येते आणि शाळा उघडण्याची तारीख हलत नाही. आमच्या परिचयाच्या एका शिंप्याला एका शाळेकडून जूनमधल्या शिलाईचे पैसे दिवाळी उलटल्यावर मिळाले. शाळेने लबाडी केली नव्हती, खात्यात रक्कमच नव्हती. कापड उधारीवर आणून असे काम करणारा माणूस व्याजात बुडतो. म्हणून कापडाची रक्कम कापडवाल्याने उचलावी आणि शिंप्याला शिलाई रोख द्यावी. कापडवाल्याला पेढीकडून महिना-दीड महिन्याची मुदत मिळते, शिंप्याला किराणावाला तेवढी देत नाही.

आता हंगामाचे. शिंप्याचे वर्ष तीन कामांवर चालते: लग्नसराई, ईद आणि शाळा. २०१७, २०१८ आणि २०१९ या तिन्ही वर्षी रमजान ईद जूनमध्ये आली होती, तेव्हा गणवेशाचे काम कुणी हाती घेईना. चांद्र महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात. २०२४ ला ईद ११ एप्रिलला होती, २०२५ ला ३१ मार्चला, आणि ती आणखी मागे जात राहील. बकरीद जूनमधून मे महिन्यात सरकली, पण तिला शिवणकाम तेवढे नसते. म्हणजे पुढची कित्येक वर्षे लग्नसराईचा भर ओसरल्यापासून शाळा उघडेपर्यंत शिंप्याचे यंत्र मोकळे राहील. एक शिंपी आणि हाताखाली एक काज-बटनवाला, यांच्याकडून दिवसाला सहा जोड धरले तर एका केंद्राचे २४० जोड ४० दिवसांत होतात. १५ जूनला मुलाच्या अंगावर कपडा हवा असेल तर कात्री ६ मेला लागली पाहिजे, त्याआधी आठवडाभर कापड पाण्यात टाकून आटवून घेतलेले हवे, आणि माप तर उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आतच घेतले पाहिजे, कारण मे महिन्यात मुले मामाच्या गावाला गेलेली असतात. हे सारे मागे मोजत गेले की समितीचा ठराव मार्चअखेरच्या किंवा एप्रिलच्या पहिल्या सभेत येतो. आपल्या गावच्या शाळेची ती सभा कोणत्या तारखेला आहे, हे मुख्याध्यापकांना विचारता येते.